पऱ्हाटीच्या काड्या आणि गूगलचा धूर: कार्बन क्रेडिट म्हणजे काय, आणि त्यात आपलं काय

होळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट आहे. आमच्या गावात, यवतमाळच्या राळेगाव तालुक्यात, हनुमान मंदिराच्या सभामंडपात मीटिंग होती. एका कंपनीचा पोरगा आला होता, छातीवर हिरवं पान छापलेला टी-शर्ट, हातात लॅपटॉप, आणि नेमकी लाइन गेली म्हणून प्रोजेक्टर काही लागला नाही तर बिचारा तोंडीच सांगत बसला की पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या काड्या, जाळू नका, आम्हाला द्या, तुमच्या वावरातला कार्बन आम्ही विकतो, पैसे तुम्हाला, फक्त इथं सही करा. आमच्या मोठेबाबांनी अर्धा तास ऐकलं आणि विचारलं, "कार्बन म्हंजे ते पावती बुकात टाकते तो निळा कागद काय बावा?" सगळे हसले. खरं सांगतो, हसणाऱ्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, मी आपला सगळ्यांसोबत हसलो.

मागच्या बाजूला ताई बसली होती. ताई म्हणजे आमच्या भागातली पर्यावरणवाली कार्यकर्ती, नाव टाकू नको म्हणाली म्हणून नुसतं ताई. तिनं एकच विचारलं, "हे क्रेडिट तुम्ही ज्या कंपनीला विकाल ती स्वतःचा धूर किती कमी करून राहिली?" पोरगा म्हणाला हेड ऑफिसला विचारून सांगतो. अजून विचारूनच राहिला असेल.

तेव्हापासून मी ताईच्या मागं लागलो की मला हे नीट समजावून सांग. कारण विषय आमच्या मंदिरापुरता राहिलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत गूगलनं वराह नावाच्या भारतीय कंपनीसोबत करार केला, २०३० पर्यंत १ लाख टनाचे कार्बन क्रेडिट घ्यायचे, तेही काडीकचऱ्याचा कोळसा करून मिळणारे. मग २०२६ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं त्याच कंपनीसोबत तीन वर्षात १ लाख टनाच्या वरचा करार केला, आणि त्यात कच्चा माल कोणता, तर महाराष्ट्रातल्या कपाशीच्या काड्या. झालं, व्हॉट्सॲपवर "पऱ्हाटीला सोन्याचा भाव" अशी बोंब. सोन्याचा वगैरे काही नाही, पण अगदीच शून्य पण नाही. किती ते खाली हिशेब करून दाखवतो, त्याआधी थोडा पाया घालावा लागेल.

## हवा विकतात कशी?

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते, हे शाळेत शिकलो. वाळलेली पऱ्हाटी काट्यावर ठेवली तर तिच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, आणि तो सगळा जूनपासून हवेतूनच आलेला, मातीतून नाही. जाळली की परत हवेत. म्हणजे ही उसनवारी आहे, पेरणीला घेतले, उन्हाळ्यात फेडले. चंद्रपूरचा दगडी कोळसा तसा नाही. तो कोट्यवधी वर्षांपासून जमिनीत पुरलेला हंडा आहे, कोणाच्या हिशेबात नव्हता, तो आपण उकरून काढला आणि दीडशे-दोनशे वर्षांत उधळून राहिलो. हवेत जो बोजा वाढला तो मुख्य त्या हंड्याचा आहे, पऱ्हाटीचा नाही.

इथं बऱ्याच जणांची गल्लत होते, माझीही झाली. पऱ्हाटी जाळल्यानं फुफ्फुसाचं नुकसान होते, धूर गावभर होते, ते खरंच आहे, पण हवामानाच्या वहीत तो कार्बन "जुनाच परत आला" असा धरतात. मग कंपनीला आपल्या काड्यांत इतका इंटरेस्ट कायचा? तर उसनवारी परत न करता अडकवून ठेवता आली तर. पिकानं हवेतून ओढलेला कार्बन शेकडो वर्षं जमिनीत पडून राहील असा काही जुगाड केला तर हवेतला बोजा तेवढा खरोखरच कमी झाला. हा जुगाड म्हणजे पऱ्हाटीचा कोळसा, त्याला बायोचार म्हणतात.

आणि कार्बन क्रेडिट म्हणजे या कमी झालेल्या बोजाची पावती. १ क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड, एकतर हवेतून काढला नाहीतर हवेत जाण्यापासून थांबवला. टन हवा डोक्यात बसत नाही म्हणून ट्रॅक्टरवर हिशेब सांगतो. १ लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १ टन व्हायला साधारण ३७० लिटर डिझेल जाळावं लागते. विजेचा हिशेब केला तर आपल्याकडच्या एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास, म्हणजे १ टनाला १४०० युनिट. ज्याच्या घरात कूलर, फ्रिज आणि मोटर आहे त्याला हा आकडा लगेच समजते.

## पण कंपन्या आपल्या दारात कशाला आल्या?

कारण त्यांना आता वही दाखवावी लागते. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून तिथल्या वरच्या १००० कंपन्यांना दरवर्षी एक रिपोर्ट सक्तीचा केला, त्यात पाणी, कचरा, मजूर, वीज आणि धूर असा सगळा पाढा वाचावा लागते. कंपनीच्या हिशेबात धूर म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे हवा तापवणारे वायू. युरोपनं वेगळाच चाप लावला, तिकडं जाणाऱ्या सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियमवर २०२६ पासून त्या मालामागच्या धुराचा कर. भारतानं स्वतः २०७० पर्यंत "नेट झिरो" होऊ असं २०२१ मध्ये ग्लासगोला सांगितलं आहे. नेट झिरो म्हणजे जेवढा धूर सोडू तेवढाच हवेतून काढूही, वजाबाकी शून्य.

आता धूर मोजायचे तीन डबे आहेत, त्यांना स्कोप १, २, ३ म्हणतात. लग्नावर सांगतो. आपल्या मांडवात चूल पेटवली, जनरेटर चालवला, तो धूर स्कोप १. मांडवाला महावितरणची वीज घेतली, तिच्यासाठी चंद्रपूर-कोराडीला जो कोळसा जळला तो स्कोप २. आणि पाहुणे ज्या गाड्यांनी आले, तांदूळ ज्या वावरात पिकला, आहेराच्या साड्या ज्या कारखान्यात झाल्या, तो सगळा स्कोप ३. लग्नघरचा माणूस म्हणणार तो धूर माझा नाही, पण लग्न नसतं तर झालाच नसता. सेबीच्या रिपोर्टात पहिले दोन सक्तीचे आहेत, तिसरा ऐच्छिक. आणि कपड्याच्या कंपनीचा खरा धूर बघितला तर बहुतांश या तिसऱ्याच डब्यात असतो, सूतगिरणी, रंगाई, आणि त्याच्याही मागं आपलं वावर. युरिया बनवायलाच नैसर्गिक वायू लागते, वर वावरात टाकला की त्यातून नायट्रस ऑक्साइड उडते, तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवते. टी-शर्ट विकणाऱ्याच्या वहीत आपली युरियाची थैली आहे, हे मला तरी माहीत नव्हतं.

सगळ्यात अवघड सिमेंटवाले. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडं गेलात तर सिमेंट कारखान्यांच्या चिमण्या दिसतील. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघते, भट्टीला कोळसा लावा की सोलर लावा, दगड तो सोडणारच, आणि सिमेंटच्या एकूण धुरातला निम्म्याहून जास्त हाच असतो. अशा धंद्याला काही प्रमाणात दुसऱ्याकडून पावती घेणं समजण्यासारखं आहे. ज्याला नुसत्या जुन्या मोटारी बदलून काम भागते त्यानं पावती घेऊन मिरवणं समजण्यासारखं नाही. ताईचं अर्धं भांडण इथंच आहे.

## ताई नेमकं करते काय?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी ताई मोर्चात असायची, नाल्यात काळं पाणी सोडणाऱ्या कारखान्याच्या गेटवर बसायची. आता ती कंपन्यांच्या मीटिंगला जाते आणि लोक मागं बोलतात की ताई फुटली, ताईला कंपनीनं घेतलं. मी तिला सरळ विचारलं. ती चिडली नाही, म्हणाली, "गेटवर बसलं की साहेब बाहेर येते, निवेदन घेते, फोटो काढते. रिपोर्ट वाचून पान नंबर सांगून विचारलं की त्याले घाम फुटते." तर ती बसून हे दोन-दोनशे पानांचे रिपोर्ट वाचते, मागच्या वर्षीचा आणि यावर्षीचा आकडा शेजारी ठेवते, आणि विचारते की उत्पादन तेवढंच असताना वीज वाढली कशी.

एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, उदाहरण तिनं सांगितलं. मालक चांगला माणूस, दरवर्षी ५ जूनला शंभर रोपं लावायचा, पेपरात फोटो. आता आपल्याकडं ५ जूनला काय असते, ४३-४४ डिग्री, पावसाचा पत्ता नाही, आठ दिवसात रोपाची काडी. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन रोप, खड्डे तेवढे पक्के झाले. ताईनं सांगितलं झाडं राहू द्या, आधी लाइट बिल आणा. जुन्या, दोन-तीनदा वाइंडिंग केलेल्या मोटारी होत्या, कॉम्प्रेसरच्या पाइपातून हवा गळत होती, रात्री मशीन बंद असताना फूस्स आवाज यायचा आणि कोणाला काही वाटत नव्हतं. ते सुधरवलं, मग पत्र्यावर सोलर टाकलं. यात हिरवं पान कुठंच नाही, फोटो काढण्यासारखं पण काही नाही, पण धूर कमी झाला आणि बिल पण.

हीच तिची अट आहे सगळ्यांना. आधी स्वतःच्या घरातलं गळणं बंद करा, मग जे काही केल्या बंदच होत नाही त्यापुरतं क्रेडिट घ्या. उलटं केलं तर त्याला ग्रीनवॉशिंग म्हणतात, हिरवा मुलामा. आणि हे आता नुसतं नैतिक राहिलेलं नाही, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नियम काढले की "इको-फ्रेंडली", "ग्रीन" असे दावे जाहिरातीत करायचे तर पुरावा द्यावा लागेल.

## खड्ड्यातला कोळसा

आता काड्यांकडं येऊ. मीटिंगनंतर ताईनं आमच्याच वावरात करून दाखवलं, आणि हे बघितल्याशिवाय कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, वर रुंद आणि खाली निमुळता असा खड्डा खणला, साधारण कमरेइतका खोल, बाजू थापटून पक्क्या केल्या. पऱ्हाटी महिनाभर वाळलेली, मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे, ओली असली की नुसता पांढरा धूर निघते आणि सगळा कार्यक्रम वाया. तळाशी थोड्या काड्या रचल्या आणि पेटवल्या वरून, खालून नाही. मोठेबाबांचा पहिला आक्षेप इथंच, "वरून कोण पेटवते रे, जिंदगी गेली चुलीत फुंकण्यात." पण गंमत तिथंच आहे. ज्वाळ वर असली की येणारी हवा ती वरच खाऊन टाकते, खालच्या काडीला हवाच मिळत नाही, मग ती तापते, तिच्यातला वायू निघून वर जळते, आणि काडीचा कोळसा होते, राख होत नाही. काडीच्या कडेला पांढरी राखेची फुंकर दिसायला लागली की वरून दुसरा थर टाकायचा, म्हणजे खालचा झाकला जाते. थरावर थर, आम्ही जवळपास तीन तास टाकत होतो, भुवया करपल्या, पण धूर म्हणाल तर जवळजवळ नाहीच, फक्त ज्वाळ. खड्डा भरला की पाणी, तेही सढळ हातानं. दोन ड्रम ओतले. असा फुसकारा झाला की पलीकडच्या धुऱ्यावरचं कुत्रं पळालं.

दुसऱ्या दिवशी काढला तर काडीचा आकार जसाच्या तसा, बोंडाची देठं पण ओळखू येत होती, वजनाला मात्र काहीच नाही. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर काचेसारखा टिणटिण आवाज. मोठेबाबांनी हातावर चोळला, नळाखाली धरला, साबण न लावता हात साफ झाला. चांगला कोळसा ओळखायची ही गावठी परीक्षा आहे, चिकट काळं तेल हाताला राहिलं तर कच्चा.

आता हा जाळायचा नाही, मातीत टाकायचा. मातीतले जीवजंतू काडी खातात तसा हा सहज खात नाहीत, म्हणून त्यातला बराचसा कार्बन शेकडो वर्षं पडून राहते. एक सूचना, कोरा टाकू नका, तो स्वतःच पिकाचं खत शोषून बसते. आधी शेणखतात नाहीतर स्लरीत मुरवायचा, मग वावरात.

आणि पीक वाढते काय? इथं मी तुम्हाला गोड बोलणार नाही. बायोचारचा मोठा फायदा जगात जिथं जिथं दिसला तो आंबट, म्हणजे आम्लधर्मी, हलक्या जमिनीत. आपली काळी माती आधीच आंबटाच्या उलट, क्षाराकडं झुकणारी, आणि हा कोळसा पण त्याच बाजूचा. मुरमाड, उतारावरच्या वावरात ओल धरायला मदत होऊ शकते, पण कोणी "उत्पन्न डबल" म्हणत असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवा. पक्का फायदा दुसराच आहे, गुलाबी बोंडअळीचा. २०१७ ला तिनं आपलं काय केलं ते सांगायला नको. अळी पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांमध्ये मुक्काम ठोकते, म्हणून फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर पाणी देऊन तेच पीक लांबवू नका, पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नका असं नागपूरची कापूस संशोधन संस्था दरवर्षी ओरडते आणि आपण दरवर्षी रचून ठेवतो. कोळसा केला की तो मुक्काम उठला.

## मग पैसे किती भाऊ?

हिशेब सरळ आहे. हेक्टरी २ ते ३ टन वाळलेली पऱ्हाटी निघते, म्हणजे एकरी धरा १ टन. खड्ड्यात तिचा कोळसा होते चौथा हिस्सा, तोही हात बसल्यावर, म्हणजे अडीचशे किलो. त्यात खरा कार्बन ७० टक्के धरला तर १७५ किलो. कार्बनला ऑक्सिजन चिकटला की वजन ३.६७ पट होते, म्हणून हे झाले साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइड. त्यातून वाहतुकीचं डिझेल, पेटवताना निसटलेला मिथेन, काही वर्षांत झिजणारा भाग असं सगळं वजा जाते. राहिला अर्धा टन. म्हणजे दोन एकराला एक क्रेडिट.

बायोचारच्या क्रेडिटला जगाच्या बाजारात १०० डॉलरच्या वर भाव मिळालेला आहे, म्हणजे ९-१० हजार रुपयाच्या घरात. ऐकायला बरं वाटते. पण त्यातून पऱ्हाटी उपटायची मजुरी, वाहून आणायची बंडी नाहीतर ट्रॅक्टर, भट्टी, लॅबमध्ये कोळसा तपासणं, फोटो-लोकेशन टाकणारं ॲप, बाहेरून येणारा तपासनीस, क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीची फी, आणि कंपनीचा नफा. दोन एकरावर शेतकऱ्याच्या हातात यातले किती येतील हे पूर्णपणे कागदावर काय लिहिलं आहे त्यावर. आमच्याकडं आलेल्या कागदावर आकडाच नव्हता, "योग्य मोबदला" असा शब्द होता. योग्य कोणाच्या मते, हे विचारलं तर परत हेड ऑफिस.

मोठ्या कंपन्या खड्डा वापरत नाहीत, कारखान्यात बंद भट्ट्या लावतात, मोजमाप चोख राहते. तिथं तुम्ही कोळसा विकणारे नसता, काड्या विकणारे असता. हा फरक लक्षात ठेवा, कारण काड्यांचा भाव ठरला की क्रेडिट पुढं कितीला गेलं याच्याशी तुमचा संबंध संपतो.

## ही सगळी फसवाफसवी तर नाही ना?

काही आहे. २०२३ च्या जानेवारीत ब्रिटनच्या गार्डियन, जर्मनीच्या दी त्साइट आणि सोर्समटेरियल नावाच्या पत्रकारांच्या गटानं मिळून जगातली सगळ्यात मोठी क्रेडिट रजिस्ट्री, व्हेरा, हिचे वर्षावनांचे क्रेडिट तपासले आणि म्हटलं की ९० टक्क्यांहून जास्त क्रेडिटमागं खरी घट नाहीच. व्हेरानं पद्धतच चुकीची म्हणून ते फेटाळलं, पण बाजाराचा भरोसा तेव्हापासून हलला तो हललाच.

खोट कुठं असते ते समजून घ्या. समजा एखाद्यानं जिंदगीत कधी तंबाखूचा खर्रा खाल्ला नाही, आणि तो "खर्रा सोडला" म्हणून सत्कार घ्यायला स्टेजवर गेला. चालेल काय? जे जंगल कोणी तोडणारच नव्हतं ते "वाचवलं" म्हणून विकलेलं क्रेडिट तसं असते. क्रेडिट खरं धरायचं तर ते काम क्रेडिटच्या पैशाशिवाय झालंच नसतं हे दाखवावं लागते. आमच्या गावात बहुतेक जण पऱ्हाटी खरंच जाळतात, म्हणून इथं दावा टिकते. जो आधीपासून ती रोटावेटरनं बारीक करून जमिनीत गाडते त्याला त्या गाडण्याचं क्रेडिट मिळत नाही, कारण ते काम तो क्रेडिटच्या पैशाशिवायच करते, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे चांगलं वागणाऱ्यालाच यात काही मिळत नाही. हा या सगळ्या व्यवस्थेतला वाकडेपणा आहे, मला अजून पटलेला नाही.

दुसरी खोट म्हणजे एकच प्लॉट दोघांना विकणं. त्याच काड्यांचं क्रेडिट विदेशी कंपनीनंही स्वतःच्या वहीत लावलं आणि देशानंही, तर हवेतला एक टन कागदावर दोन झाला.

आणि तिसरी ताईनं दाखवली, ती माझ्या डोक्यात आलीच नसती. आमच्या गावातल्या भूमिहीन घरांच्या बाया वेचणी संपली की पऱ्हाटी मागून नेतात, वर्षभराचं सरपण तेच. सिलिंडर आहे, भरायला पैसे नाहीत. उद्या काडीला भाव आला की कोणता शेतकरी फुकट नेऊ देईल? मग त्या बाया जाणार जंगलात, आणि कागदावर वाचलेला कार्बन तिकडं झाडातून निघणार. कंपनीच्या फॉर्मवर या सरपणासाठी रकाना नव्हता. ताईनं तो पेनानं आखून दिला.

## "त्याईचा धूर आपण काहून पुसायचा?"

हा मोठेबाबांचा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. गूगलनंच जाहीर केलेला आकडा बघा, २०२३ सालचा त्यांचा धूर १ कोटी ४३ लाख टन, २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के जास्त, कारण डेटा सेंटर वाढले. आणि वराहकडून घेणार किती, तर २०३० पर्यंत मिळून १ लाख टन. म्हणजे त्या एका वर्षाच्या धुराचा शंभरावा हिस्सा पण नाही. हे पोत्यातून मूठभर काढण्यासारखं आहे, वर तिकडून पोतं भरणं सुरूच.

पण म्हणून आपण मूठ घ्यायचीच नाही काय? ताई म्हणते घ्या, फक्त तिला पोतं म्हणू नका, आणि त्यालाही म्हणू देऊ नका. मला यात थोडी गोची वाटते. चंद्रपूरला ४६-४७ डिग्रीत बांधकामावर राबणाऱ्या माणसाचा या धुरात वाटा किती? ज्याचा वाटा सगळ्यात कमी त्यालाच झाडूचं काम, आणि तेही मजुरीच्या भावात. दुसरीकडं, हे पैसे आले नाहीत तर पऱ्हाटी येत्या फेब्रुवारीत पण जळणारच आहे, आपणच जाळणार आहो.

## सही करण्याआधी

ताईनं आमच्या मीटिंगच्या कागदावर लाल पेनानं जे जे गोल केले ते सांगतो. करार किती वर्षांचा, आमचा वीस वर्षांचा होता, आणि मधात सोडला तर दंड कोणाला हे बारीक अक्षरात. कार्बनचा हक्क कोणाचा, तिथं लिहिलं होतं "संपूर्ण व कायमस्वरूपी कंपनीकडे". सातबारा बापाच्या नावानं, वावर ठेक्यानं दुसरा करते, तर पैसे कोणाला? ठेकेवाल्याचं तर कागदात नावच नव्हतं, काम मात्र त्याचंच. कोळशाचं वजन कोण करणार आणि त्याची पावती आपल्याला मिळणार की नाही. आणि कागद मराठीत मागा, आमचा इंग्रजीत होता, सही तेवढी मराठीत चालणार होती.

जंगलाच्या बाबतीत तर एकट्यादुकट्यानं सही करूच नये. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जवळपास १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथं ग्रामसभा बसते, सगळ्यांच्या सहमतीनं ठरते, बांबू स्वतः विकला त्यांनी. अशा गावात कोणी कार्बन घ्यायला आला तर त्याला ग्रामसभेपुढं उभं राहावं लागेल, सरपंचाला चहा पाजून भागणार नाही. आणि एक घोळ टाळा, सरकारचं २०२३ चं "ग्रीन क्रेडिट" वेगळं, ते झाडं लावण्यासारख्या कामांचं आहे. त्याच वर्षी आलेली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम वेगळी, तिच्यात सिमेंट, ॲल्युमिनियमसारख्या धंद्यांना मालाच्या टनामागं धुराची मर्यादा घालून दिली आहे. नाव सारखं म्हणून एजंट दोन्ही एकच सांगतात.

पोरगा मागच्या महिन्यात परत आला होता, आता बाइकवर, टी-शर्ट तोच. वीसचे पाच वर्षं करायला तयार आहे म्हणाला, कागद मराठीत आणला, सरपणाचा रकाना पण छापून आणला. मोबदल्याचा आकडा अजून कोराच. कागद मोठेबाबांच्या पेटीत पडून आहे.

खड्ड्यातला कोळसा त्यांनी उकंड्यात शेणाच्या काल्यात दीड महिना मुरवला आणि अर्ध्या एकरात पसरवला, बाजूचा अर्धा एकर तसाच ठेवला, मधात चार विटा उभ्या गाडल्या खूण म्हणून. दोन्हीकडं एकच तूर, एकच तारीख. "आता पाहू कोयसा काय म्हणते ते," म्हणाले. ताईनं विचारलं की विटा कोणी हलवल्या तर? त्यावर त्यांनी खिशातून वही काढली, त्यात धुऱ्यापासून पावलं मोजून लिहिली होती, खाली कार्बन पेपर ठेवून, दोन प्रतीत.